सानिकाच्या घराचा पडदा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज तुम्हाला का सांगतेय — विचारू नका, मलाही धड ठाऊक नाही.

मी चित्रकलेची बाई. निवृत्त झाल्यावर कर्वेनगरात आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचे उन्हाळी वर्ग घ्यायचे. सुताराकडून उरलेले ठोकळे आणायचे; मुलांनी ते काचकागदाने घासायचे, रंगवायचे, एकावर एक चिकटवून घरं करायची. शेवटच्या दिवशी पालकांसाठी प्रदर्शन. 'सगळं मुलांनीच केलंय हं,' असं मी ठणकावून सांगायचे — आणि आदल्या दुपारी प्रत्येक घरावर गुपचूप माझा हात फिरलेला असायचा. दुसऱ्याची वाकडी दारं सरळ करायची खोड, दुसरं काय! ते खोटं मी केव्हाच पचवलंय. सांगायचंय ते वेगळंच.

सानिका आठ वर्षांची. तिची आई सोसायटीची सेक्रेटरी. हॉल मिळायचा तो तिच्या शब्दावर. सानिकाच्या घराला एकच खिडकी होती, आणि खिडकीत काळ्या तेलखडूने काढलेला म्हातारा चेहरा. तोंड उघडं. कोण गं ही, मी विचारलं.

"आजी. आईबाबा कामावर जाताना तिला खोलीत ठेवतात. बाहेरून कडी. ती हाका मारत बसते."

हे सांगताना पोर शांतपणे छपराला लाल रंग देत होती. आणि मी काय म्हणाले? कौलं छान जमलीत, म्हणाले.

प्रदर्शनाला तिची आई येणार, तो चेहरा बघणार. मग पुढच्या वर्षी हॉल मिळेल? — एवढंच आलं माझ्या डोक्यात. त्या खिडकीवर मी निळा पडदा रंगवला. वाळत आला तसे दोन डोळे वर आले. पुन्हा हात दिला. पुन्हा डोळे, आणि मग ते उघडं तोंड. तेलखडूवर पाण्याचा रंग धरत नाही, हे मी जन्मभर शाळेत शिकवलं होतं. तरी भर दुपारी अंगावर काटा आला. ती माझ्याकडेच बघत होती हो! शेवटी काचकागद घेतला आणि लाकूड पांढरं पडेपर्यंत तो चेहरा घासून काढला. मग पडदा नीट बसला.

"बाई, पडदा फारच टापटीप हो," तिची आई म्हणाली. "आमच्या घरात नाही बाई एवढी शिस्त." सगळे हसले. मीही. सानिकाने ते घर वर नेलंच नाही.

दिवाळीच्या आधी आजी गेल्या. खोलीत एकट्याच होत्या. संध्याकाळी कडी काढली तेव्हा कळलं. सुटल्या बिचाऱ्या, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणाले.

पण थांबा. पोरीची कल्पना वाटली, खरं-खोटं माहीत नव्हतं — असं म्हणायलाही मला तोंड नाही. आजींची खोली हॉलच्या बरोबर वर होती. वर्ग सुरू झाल्यापासून रोज दुपारी छतातून ठक... ठक... यायचं. थांबायचं. पुन्हा यायचं. काठी आपटत असाव्यात. मुलं वर बघायची. कुणाकडे तरी फरशी बसवतायत, असं मी सांगायचे आणि मुलांसाठी लावलेल्या गाण्यांचा आवाज वाढवायचे.

एकदा एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या आत सानिका माझ्याजवळ आली. अगदी हळू म्हणाली, "बाई, तुम्हालाही ऐकू येतं ना?"

मी तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हणाले.