लातूरचं पाणी, हिमायतनगरचा चिखल

आमच्या कपाटात एका बाहीचा स्वेटर आहे. माझी मुलगी मुक्ता दुसरीत असताना मी तो विणायला घेतला होता. आता ती नववीत आहे. त्याच्याच शेजारी अर्ध्यात सोडलेल्या टायपिंगच्या परीक्षेची पुस्तकं आहेत. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात एका सायकल शर्यतीतून मी निम्म्या वाटेवर टेम्पोत बसून परत आले, तेव्हा मुक्तानं कपाट उघडलं. तिनं तो स्वेटर काढला आणि गपचूप माझ्या सायकलच्या हँडलला अडकवून ठेवला. मला हसू आलं आणि लागलंही. पुढची शर्यत वेळेत पूर्ण करायचीच, मग भले शेवटचा नंबर येवो, असं मी त्या दिवशी ठरवलं.

पुढची शर्यत एप्रिलात निघाली, हिमायतनगरजवळच्या टेकड्यांत. अठ्ठावीस किलोमीटर, साडेतीन तासांची मुदत, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलेलं: चिखलातून! भर दुष्काळात चिखल कुठून आणणार, हे काही कळेना. आमच्या लातूरला त्या दिवसांत पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. घरात बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरलेलं असायचं. लातूरचा माणूस पाहुण्याकडे निघाला की डिकीत कपड्यांच्या आधी रिकामे कॅन टाकायचा. आम्हीही सहा टाकले. हँडलवरचा स्वेटर मी तेवढ्यापुरता दाराच्या खुंटीला अडकवला. माझा नवरा महेश म्हणाला, "तू शर्यत कर, मी पाणी बघतो."

रस्त्याचं सांगते, कारण बरेच जण विचारतात. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड आणि पुढे भोकरवरून हिमायतनगर. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला आरामात पोचता. सायकल गाडीच्या मागं बांधणार असाल तर दोऱ्या दोन ठिकाणी थांबून तपासा, खड्डे कुणाची भीड ठेवत नाहीत. अर्धापूरजवळ केळी घ्या. तीस रुपयांत डझन मिळाली, आणि शर्यतीत त्यांच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नव्हतं. हिमायतनगरात पाचशे रुपयांत खोली मिळाली. पंखा होता, पाणी एक बादली. लातूरकरांना ती चैनच वाटली.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर चिखलाचं कोडं सुटलं. आयोजकांनी शर्यतीच्या वाटेवर टाकायला दोन टँकर पाणी मागवलं होतं. गावातल्या बायांनी ते वेशीवरच अडवले आणि घागरी लावून रिकामे केले.

"आन् मग शर्यत?" महेशनं विचारलं.

"धुळीत करा म्हनलं," टपरीवाला म्हणाला. "प्यायला न्हाई अन् चिखल करून राहिले! कुठली रीत हाय ही?"

तिथं दुसरा विषय होता नव्या जिल्ह्याचा. एका सहीसाठी नांदेडला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून किनवटचा वेगळा जिल्हा करा, ही मागणी तिकडे फार जुनी आहे. बाकावरचे दोघं हिमायतनगरनं त्या जिल्ह्यात जावं की नांदेडातच राहावं यावर इतके भांडले, की जणू सकाळी कलेक्टर रुजू होणार होते. मला मात्र या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. अर्ध्यावर राहिलेल्या गोष्टींची मला सवय आहे.

आणि रात्री अवकाळी पाऊस आला. तासभरच, पण काळ्या मातीला तेवढा पुरतो.

सकाळी सातला आम्ही साठेक जण निघालो, त्यात बाया अकरा. पहिले पाच किलोमीटर मुरमाची वाट होती, मजेत गेले. मग काळं रान लागलं. ही माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते: चाक तिच्यात फिरत नाही, तीच चाकावर चढून बसते. दहा फेऱ्यांत टायर भाकरीच्या उंड्यासारखा जाड होतो, वीस फेऱ्यांत चाक फ्रेमला घासून थांबतं. मग खांद्यावर घ्या आणि चाला.

यात मी एक गाढवपणा केला, जो लातूरकरालाच सुचेल. पाठीवरच्या पिशवीत तीन लिटर पाणी होतं, फ्रेमला दोन बाटल्या भरलेल्या होत्या. वाटेत तीन थांब्यांवर पाणी फुकट होतं. बाकीचे घोटभर पिऊन पळत होते. मी प्रत्येक थांब्यावर जेवढं प्यायले तेवढं परत भरून घेतलं, वर दोन सीलबंद बाटल्याही पिशवीत कोंबल्या. मिळतंय तिथं भरून घ्यायचं, हे हाताला इतकं लागलं होतं की डोक्याला विचारलंच नाही. सायकल हलकी असावी म्हणून लोक हजारो रुपये मोजतात, आणि मी प्रत्येक थांब्यावर वजन वाढवत चालले होते.

तिसऱ्या थांब्यानंतर चार किलोमीटर उरले आणि चाळीस मिनिटं. समोर चढ. मागचं चाक जाम, खांदा सोलवटलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलात. मागून आयोजकांचा टेम्पो घरघरत येत होता. त्यात आधीच चौघं बसलेली दिसली. खोटं कशाला बोलू, टेम्पो थांबवायला मी हात वर उचलला होता.

"काय माय, तू सायकलीवर हायस का सायकल तुझ्यावर हाय?"

बांधावर साठीची एक बाई उभी होती. कमरेला विळा, डोक्यावर घागर. नाव कौसाबाई, हे नंतर कळलं. मी सायकल खाली ठेवली. पाठीवर पाणी डुचमळलेलं तिनं ऐकलं.

"एवढं पानी कुठं घेऊन चालली?"

"लातूरला," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती इतकी हसली की घागर डोक्यावरून उतरवून खाली ठेवावी लागली. मी आत पाहिलं. घागर निम्मीच होती. पहाटेपासून झऱ्याशी बसून वाटीवाटीनं एवढंच मिळालं, असं ती म्हणाली.

"पण रात्री पाऊस झाला ना?"

"चिखलापुरता झाला. हिरीपुरता न्हाई."

टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं दार उघडलं. मी एकदा त्या दाराकडे पाहिलं, एकदा घागरीकडे. मग पिशवी काढली आणि पाणी घागरीत ओतायला लागले. पिशवीतलं, सीलबंद बाटल्यांतलं, फ्रेमच्या बाटल्यांतलंही. ओतताना हात अडखळत होता, हे कबूल करते. महिनाभर भांडी विसळलेलं पाणीसुद्धा मी फेकलं नव्हतं. घागर गळ्यापर्यंत आली.

"तुला ठेव की माय घोटभर," कौसाबाई म्हणाली. मी घोटभर प्यायले. टेम्पो निघून गेला.

चाक धुवायला तरी थोडं ठेवायचं होतं, असं मी पुटपुटले तर तिनं वेड्यात काढलं. "पान्यानं न्हाई जात ही. आजून चिकटती. खरवडाय लागती." विळ्याच्या पाठीनं तिनं पाच मिनिटांत दोन्ही चाकं मोकळी केली, औताची माती काढावी तशी. "आता वावरातून नगं, धुऱ्यानं जा. गवत हाय तिथं." धुरा म्हणजे बांध. सगळे जण वाटेतल्या चिखलात लोळत असताना बांधावर कोरडं गवत होतं, आणि नियमात वाट सोडू नका एवढंच लिहिलं होतं. बांध वाटेला लागूनच होता!

निघताना ती म्हणाली, "या बाटल्या रिकाम्याच आन पुढच्या वर्षी. हिरीला पानी आलं की मी भरून देते."

सहा किलो हलकी झालेली मी त्या चढावर अक्षरशः उडाले. मुदत संपल्याची घंटा वाजायला तीन मिनिटं असताना रेघ ओलांडली. मागं कुणी नव्हतं. शेवटचा नंबर, पण वेळेत. महेश टाळ्या वाजवत रडत होता आणि डोळ्यात धूळ गेली म्हणत होता. त्या चिखलात धूळ! प्रमाणपत्रावर आयोजकांनी उत्साहानं 'जिल्हा किनवट' छापलं होतं. मला ते चुकीचं वाटलंच नाही.

सायकल धुवायला पाणी नव्हतं, आयोजकांनी माती खरवडायला काड्या वाटल्या. जाणार असाल तर घरूनच एक चपटी काडी न्या, आणि पाणी गरजेपुरतंच.

परतताना नांदेडला नणंदेच्या बोअरवर सहाही कॅन भरले. रात्री घरी पोचलो तर मुक्ता जागी होती. शर्यत पूर्ण केल्याचं पदक तिनं हातात घेऊन पाहिलं, मग सवयीनं माझ्या बाटल्या हलवून बघितल्या.

"आई, या रिकाम्या?"

मी सगळं सांगितलं. तिनं सायकलच्या दोन्ही बाटल्या फळीवर ठेवल्या. मग म्हणाली, "शर्यत पूर्ण केलीस यावर माझा विश्वास बसतो. पण पाणी देऊन आलीस?" आणि तिनं स्वेटर खुंटीवरून काढून परत कपाटात ठेवला.

दुसरी बाही अजून झालेली नाही, ते खरंच आहे. घरात बादल्या, पातेली, कुकर अजूनही भरलेलेच असतात. फळीवरच्या त्या दोन बाटल्या मात्र आम्ही कुणी भरत नाही. मुक्तानं त्यांच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: कौसाबाईंच्या विहिरीसाठी.