गुप्ते साहेब

वसुंधरा गुप्तेंना यार्डात सगळे 'साहेब' म्हणत. 'मॅडम' नाही, 'बाई' तर नाहीच. पनवेलहून कोनच्या बाजूला गेलं की एक्सप्रेस-वेच्या कडेला कंटेनरचं जे मोठं यार्ड लागतं, तिथे १९९८ साली त्या कारकून म्हणून लागल्या, तेव्हा गेटच्या आत त्या एकट्याच बाई होत्या. पहिल्या महिन्यातच त्यांनी ओळखलं, की इथे टिकायचं तर बाईपण गेटबाहेर ठेवून यायला हवं. त्यांनी केस कापले, बांगड्या काढल्या, आवाज चढवला. ट्रेलरवाल्यांच्या शिव्यांना शिव्यांनी उत्तर द्यायला शिकल्या. मुलीला ताप असला की 'बँकेत काम आहे' असं सांगून दोन तास सुटी घ्यायच्या. वडील गेले तेव्हा चौथ्या दिवशी ड्युटीवर हजर. एवढं सगळं केल्यावर सहा वर्षांनी त्या शिफ्ट इनचार्ज झाल्या, आणि पोरं साहेब म्हणू लागली. ती हाक त्यांना फार प्यारी होती.

२०१२ साली प्रांजल कोळी आली. वय सत्तावीस, उरणच्या करंजाची. आई बाजारात मासळी विकायची, हिने लॉजिस्टिक्सचा डिप्लोमा केलेला. वसुंधराबाईंच्या बरोबरीने ती दुसऱ्या शिफ्टची इनचार्ज म्हणून आली. पहिल्याच दिवशी अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून, हातात हिरव्या बांगड्या घालून.

"चार दिवसांत उतरेल हे सगळं," वसुंधराबाई मनाशी म्हणाल्या.

उतरलं नाही. कंटेनर उचलणारं अजस्र मशीन चालवणारे बुधाजी म्हणजे यार्डातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात तिरसट. प्रांजल थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "दादा, या मशीनचं मला काय बी कलत नाय. एक दिवस तुमच्या बाजूला बसून बगू का?"

वसुंधराबाईंना वाटलं, गेली ही कामातून. अडाणीपणा असा उघडा करायचा असतो का? पण बुधाजी हसले. वसुंधराबाईंनी त्यांना चौदा वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला दिवसभर शेजारी बसवून घेतलं, आणि संध्याकाळी पोरांना सांगितलं, "पोरगी हुशार हाय."

मग ते रोजचंच झालं. कुणी उशिरा आला तर प्रांजल ओरडत नसे. समोर बसवून विचारायची, आणि तो दुसऱ्या दिवशी वेळेवर यायचा. कुणी आगाऊपणा केला तर शांतपणे म्हणायची, "तुमी हे परत बोलू नका," आणि तो बोलायचा नाही. भाचीचा वाढदिवस आहे म्हणून सरळ तसं सांगून ती लवकर गेली, तेव्हा वसुंधराबाईंनी त्या रजेच्या अर्जाकडे कितीतरी वेळ पाहिलं. कारणाच्या रकान्यात खरंच 'भाचीचा वाढदिवस' असं लिहिलं होतं.

वसुंधराबाई तिच्यावर जळत होत्या. जळायला एक नेमकं कारण होतं. ती नालायक असती तर त्यांनी तिला माफ केलं असतं. पण तिचं काम चोख होतं, आणि जे मिळवायला त्यांनी स्वतःला सोलून काढलं होतं, ते हिला गजऱ्यासकट मिळत होतं.

त्यातच यार्ड मॅनेजरची जागा रिकामी होणार असल्याची बातमी आली.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी दहाला वीज कंपनीतून फोन आला. अकरा ते पाच लाइन बंद राहणार होती. वसुंधराबाईंनी सवयीने वहीत नोंद केली आणि फोन ठेवला. मागच्या रांगेत गोठवलेल्या कोळंबीचे, विजेवर थंड राहणारे आठ कंटेनर होते. त्या रांगेला जनरेटरची जोडणी नव्हती. पुढे हलवले नाहीत तर या उन्हात माल गेलाच. रांग प्रांजलच्या जबाबदारीची होती. ती अर्ध्या तासात ड्युटीवर येणार होती. तिला सांगायचं एवढंच काम होतं.

ती आली. "काय निरोप हाय का, मॅडम?" ती एकटीच त्यांना साहेब म्हणत नसे.

"काही नाही," वसुंधराबाई म्हणाल्या.

अकराला वीज गेली. ऑफिसचा जनरेटर लगेच सुरू झाला, त्यामुळे तिथे कुणाला काही जाणवलं नाही. वसुंधराबाई समोरचा कागद वाचत राहिल्या, पण एक ओळही डोक्यात शिरेना. साडेअकरा झाले. पावणेबारा. त्या दोनदा उठल्या आणि दोन्ही वेळा परत बसल्या.

बाराच्या फेरीला प्रांजल मागच्या रांगेत गेली, तर कंटेनरांच्या पंख्यांची घरघर बंद. ती धावतच पुढे आली. माणसं गोळा केली. "मी आदीच फेरी मारायला पायजे होती, माजी चूक हाय. आता पंचाइत झाली. कसं करायचं सांगा."

कुणी दोष दिला नाही. बुधाजी जेवणाचा डबा तसाच टाकून मशीनवर चढले. दोघांनी पुढची जागा मोकळी केली, एकाने तारा ओढल्या. दीड वाजता आठही कंटेनर जनरेटरवर घरघरत होते. आतली थंडी टिकली होती. वसुंधराबाई खिडकीतून बघत होत्या. आपण हाक मारली असती तर ही माणसं आली असती. पण हुकूम म्हणून आली असती, आणि डबा संपवून.

तीन वाजता प्रांजल वही घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली. घामाने गजरा कोमेजून मानेला चिकटला होता.

"हे अक्षर तुमचं हाय. टाइम दहाचा."

"हो."

"इसरलात?"

पळवाट समोरच होती. वसुंधराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "नाही. विसरले नाही."

प्रांजलचा चेहरा उतरला. "माजी आय अशीच कोलंबी डोक्यावर घेऊन फिरली, मॅडम. तो माल सडला असता." मग आवाज घट्ट करून ती म्हणाली, "मी हे वर लिवनार हाय. तुमच्या पाठीमागं नाय, तुमाला सांगून."

"लिही," वसुंधराबाई म्हणाल्या. त्या क्षणीसुद्धा त्यांना तिचा हेवाच वाटला. इतकं सरळ कुणाला सुनावणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्या फक्त ओरडायच्या.

मेमो मिळाला. त्यांची बदली द्रोणागिरीच्या गोदामात झाली. निरोपाच्या दिवशी पोरांनी वर्गणी काढून मनगटी घड्याळ दिलं. जाड पट्ट्याचं, मोठ्या तबकडीचं, पुरुषी. "साहेबांना शोभंल असं बगून आनलं," बुधाजी प्रेमाने म्हणाले. पनवेलच्या बाजारात दुकानदाराने पट्ट्याच्या तीन कड्या काढल्या, तेव्हा कुठे ते त्यांच्या मनगटावर बसलं.

दिवाळीनंतर प्रांजल यार्ड मॅनेजर झाली. वसुंधराबाईंनी फोन करून अभिनंदन केलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला. "मॅडम, मालाच्या पाठवनीचे जुने कागद कसे लावलेत ते मला समजत नाय. तुमीच लावलेत. जरा सांगा ना."

आपल्याविरुद्ध वर लिहिणारीने, एवढं होऊन गेल्यावर, असं बेधडक विचारावं? वसुंधराबाई चिडल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पाऊण तास समजावत राहिल्या, एकेक फाइल, एकेक कप्पा. फोन ठेवल्यावर कान तापला होता. हेवा गेला नव्हता. पण प्रांजलने शेवटी "परवा याच टाइमाला परत फोन करीन" म्हटल्यावर त्यांनी डायरीत परवाची वेळ लिहून ठेवली होती.