चिन्मयीचं पहिलं वाक्य

चूक माझी होती. सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याबद्दल हळहळायला नको.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की जांभई देणारा माणूस. आमचं मराठी घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरातलं. घर अग्रहारात, पहिल्या मजल्यावर, खाली हार्डवेअरचं दुकान. घरात मी, बायको अनिता, मुलगी चिन्मयी आणि माझी विधवा आत्या. चिन्मयी साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. ताटं फेकायची, चावायची, जमिनीवर डोकं आपटायची.

त्या उन्हाळ्यात पुण्याचा चुलतभाऊ आला होता. आत्या चिन्मयीची हनुवटी धरून भरवत होती, "बा गं कंदा, ऊट कर. सुम्ने रडू नको." ये गं बाळा, जेव, उगाच रडू नको, असं अर्धं कन्नडात.

तो हसत सुटला. "दिन्या, ही मराठी आहे की सांबारात बुडवलेली पोळी? पोरगी गोंधळणार नाही तर काय!"

मला ते पटलं... खरं म्हणजे लाज वाटली, म्हणून पटलं. दुसऱ्या दिवसापासून घरात कन्नड बंद. तोंडाने मागितल्याशिवाय चिन्मयीला काही द्यायचं नाही. आत्याच्या बोलण्यात कन्नड शब्द आला की मी टेबलावर हात आपटायचो. ती माझ्यासमोर गप्प राहायची आणि मी नसलो की पोरीशी पुन्हा तसंच बोलायची. शेवटी मी तिला शहराच्या टोकाला, हिनकलला तिच्या लेकीकडे पोचवायला निघालो. जावयाच्या घरी राहणं तिला मरणप्राय होतं, हे मला माहीत होतं.

रिक्षात आम्ही दोघंच. मी म्हणालो, "तुझं तोंड बंद असतं तर माझ्या पोरीचं उघडलं असतं."

तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली. "परवागिल्ला, दिनू. जाते मी. तिला ताक पातळ करून दे, घट्ट गिळत नाही ती." परवागिल्ला, म्हणजे असू दे.

रिक्षातलं हे बोलणं मी कुणालाच सांगितलं नाही. अनितालाही नाही.

आठवड्याने, शनिवारी दुपारी, अनिता शहराबाहेर बेळगोळला ऑफिसात होती. चिन्मयी पाण्याच्या बाटलीकडे झेपावली. मी बाटली उंच धरली. "पाणी म्हण." ती माझ्या हाताला कडकडून चावली. मी तिला बाथरूममध्ये लोटून बाहेरून कडी घातली.

"पाणी म्हण, उघडतो."

ती दार बडवत राहिली. मग थांबली. आणि आतून, सावकाश, स्वच्छ —

"तुझं तोंड बंद असतं तर माझ्या पोरीचं उघडलं असतं."

आवाज लहान मुलीचा. तोरा माझा. थोडं थांबून, अगदी हळू, "परवागिल्ला, दिनू. जाते मी..." आणि पुढे ताकापर्यंत सगळं, शब्द न् शब्द.

मी दार उघडलं. ती माझ्याकडे पाठ करून फरशीवर वाकली होती आणि सांडलेलं पाणी चाटत होती. मी किंचाळून हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली... तिची मान हललीसुद्धा नाही.

कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, जन्मापासून. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "दोन भाषांनी काही बिघडत नाही हो. मागायला दुसरा मार्गच नव्हता, म्हणून चावत होती. चेहरा समोर धरून बोलणारं घरात कोणी होतं का? तेवढंच तिला कळलं असेल."

कानांना यंत्रं लावल्यावरही पहिला शब्द यायला वर्ष लागलं. जिने माणसाचं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं, तिने ती वाक्यं आणली कुठून? आज अकरा वर्षांनीही मी स्वतःला हेच विचारतो.

तपासणीनंतर हिनकलला जायचं धैर्य यायला मला दोन महिने लागले. आत्या दारात भाजी निवडत बसली होती. मी आधी विचारलं, "रिक्षातलं बोलणं कुणाला सांगितलं होतंस?"

"अय्यो, असलं कोणी सांगतं का रे?" ती म्हणाली. "कंदा जेवते का नीट?"

तिची लेक, जावई, शेजारीण, सगळे बघत होते. मी तिथेच पायरीवर तिचे पाय धरले.

"आत्या, पोरीला ऐकू येत नव्हतं आणि मी दोष तुझ्या बोलण्याला दिला. तुला घराबाहेर काढलं. तिला तहानलेलीच कोंडून ठेवलं. मला माफ कर."