घरच्यांनाही कुलूप

पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांत आम्ही चौघं शेतकरी गटांसाठी ॲप बनवतो. पहिला मोठा गट दोंडाईच्याचा, मिरची पिकवणारा. त्यांच्या बँकखात्यांची माहिती आमच्याकडे येणार होती. म्हणून आमची कंपनी काढणाऱ्या ताईंनी आधीच बाहेरच्या तपासनिसाकडून सुरक्षेचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलं.

"आधी मोठे तर होऊ!" आम्ही बाकीचे ओरडलो, त्यात मीही होतो. हे 'मोठे झाल्यावर बघू' आता कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तोवर ज्यांची माहिती उघडी पडेल, ती माणसं काय सरावासाठी आहेत?

तपासनिसाला काय सापडलं? पुण्याला नोकरीला गेलेल्या आमच्या सहकाऱ्याला आम्ही भरीत-पुरी खाऊ घालून निरोप दिला होता, पण त्याचं लॉगिन चालूच होतं. ते बंद करणं म्हणजे घरच्या पोराला बाहेर काढणं, असं आम्हाला वाटलेलं. ताईंनी त्याला फोन लावला.

"कालच उघडलं होतं, ताई. सवयीनं!" तो हसला.

ताई हसल्या नाहीत. "भरीत खायला कधीही ये. हे मात्र आजपासून बंद."

प्रमाणपत्र मिळाल्यावर ताईंनी ते गटाचे प्रमुख असलेल्या आबांपुढे ठेवलं आणि ही चूकही स्वतःहून सांगितली. काम हातचं जाणार म्हणून मी टेबलाखालून त्यांना पाय मारत होतो. आबांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"आते बठ्ठं बंद शे ना?"

"सगळं बंद शे, आबा. दरवर्षी बाहेरचा माणूस येऊन बघेल."

"मंग कर चालू," आबा म्हणाले आणि पहिलं खातं स्वतःचं दिलं.