मुनीरभाईंनी मला आधी दाखवलेलं पान

ही हकिकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळण्याचीच सवय होऊन गेली. कुणी जुन्या निवडणुकांचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. सुनेनं एकदा म्हटलं, "बाबा, तुम्ही खासदारांकडं होता ना, मग त्या दिवसांचं काही लिहा की." मी म्हणालो, "डोळे दुखतात." डोळे तेव्हा ठणठणीत होते. मग दीड महिन्यापूर्वी एका सकाळी फोन आला. "दत्ताकाका बोलतात का? मी नसरीन. मुनीरभाईंची मुलगी. अब्बा गेले... पहाटे, झोपेतच." मी वय विचारलं, दफन कधी आहे ते विचारलं, धीर धरा म्हणालो. फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो लिहायलाही लाज वाटते. आता ती गोष्ट माहीत असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, असा तो विचार होता. दुःखाच्या आधी सुटका आली. त्या सुटकेनं मला तेव्हापासून एका जागी बसू दिलेलं नाही. कागद घेतो, ठेवतो, गच्चीवर जातो, खाली येतो, पुन्हा कागद घेतो.

मुनीरभाई उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. त्यांचे वडील गंगापूरच्या तहसिलीत नकलनवीस होते, म्हणजे सरकारी कागदांच्या हातानं नकला करायचं त्यांचं काम. दफ्तर सगळं उर्दूत. पोलिस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, दफ्तराची भाषा बदलली आणि वडिलांची नोकरी गेली. मुनीरभाई तेव्हा सोळा वर्षांचे होते. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते मराठी शिकले, आणि असे शिकले की आमच्यासारख्या करमाडच्या शेतकऱ्याच्या पोरांचे अर्ज तेच दुरुस्त करून द्यायचे. माझाही पहिला अर्ज त्यांनीच दुरुस्त केला होता. "दत्ताभाऊ, 'विनंती' एकदाच करायची. तीनदा केली की माणूस खोटा वाटतो," असं म्हणून त्यांनी दोन विनंत्या खोडल्या होत्या. वडिलांची हकिकतही त्यांनी मलाच सांगितली होती, एका दुपारी, पुस्तकाला खळ लावता लावता. त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

मी पुढं आमच्या भागाच्या खासदारांकडं लागलो. त्यांचं नाव लिहीत नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आणि इथं दोष त्यांच्यापेक्षा माझा जास्त आहे. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांची पत्रकं लिहिणं, भाषणांचे मुद्दे काढणं, वर्तमानपत्रांना मजकूर पोचवणं ही माझी कामं. संसदेतल्या चर्चांचे छापील खंड सभासदांना मिळायचे. साहेबांचे गठ्ठे दिल्लीहून काही महिन्यांनी इकडं यायचे आणि ऑफिसात जागा अडवून पडायचे. त्यांची सुतळीसुद्धा कुणी सोडत नव्हतं. रद्दीत घालायला जीव होईना, म्हणून मीच ते सायकलवर बांधून मुनीरभाईंकडं नेऊन टाकायला लागलो.

मुनीरभाईंनी मात्र ते वाचायला सुरुवात केली. शेजारी शब्दकोश ठेवून, ओळीखाली पट्टी धरून. आणि वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर, जिथं पूर्वी नव्या पुस्तकांची नावं असायची, तिथं ते आमच्या साहेबांबद्दल लिहू लागले. अमुक विषयावर काय बोलले, मत घेतलं गेलं तेव्हा कुठल्या बाजूनं दिलं. साहेब सभागृहात नसले तर 'गैरहजर'. बाकी काही नाही. टीका नाही, स्तुतीही नाही. समोरचा चहावाला सकाळी ओरडायचा, "मुनीरमियाँ, आज साब क्या बोले?" मुनीरभाई खडू झटकत सांगायचे, "आज साब आरामात होते." पेन्शनर मंडळी फळ्यापाशी थांबायची, वाद घालायची. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा तेही हसले. "तुझा तो मुनीर माझी शाळेसारखी हजेरी घेतो की रे!"

मुनीरभाईंची एक रीत होती. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्या बाजूच्या माणसाला आधी छापील पान दाखवायचं, आणि मगच खडू हातात घ्यायचा. साहेबांच्या बाजूचा माणूस मीच. त्यामुळं दर वेळी ते मला बोलावून घ्यायचे, पान उघडायचे आणि म्हणायचे, "बघून घ्या. माझं चुकत असेल तर लिहिणार नाही." मी न बघताच मान हलवायचो आणि चहा पिऊन यायचो.

त्या काळात आमच्या भागाचं मोठं दुखणं म्हणजे अरुंद रूळ. मनमाडला गाडी बदलावी लागायची आणि मालही एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकावा लागायचा. संसदेत रेल्वेच्या खर्चावर चर्चा झाली, तेव्हा विरोधी बाकांवरच्या एका सभासदानं सरकारला जाब विचारायला कपातीची सूचना मांडली. मराठवाड्यातले रूळ रुंद करायला सरकार टाळाटाळ करतं, असा तिचा मुद्दा होता. आमचे साहेब सरकारी पक्षाचे. तरी ते रुंद रुळांसाठी जोरात बोलले. संध्याकाळी दिल्लीहून त्यांचा फोन आला आणि भाषणातले मुद्दे त्यांनी मला सांगितले. मी विचारलं, "आणि मत, साहेब?" ते म्हणाले, "दत्ता, मत पक्षाचं असतं, भाषण आपलं असतं. तू भाषणाचं लिही."

मी भाषणाचं लिहिलं. पत्रक चांगलं उतरलं होतं, पण शेवट पडेल वाटत होता. मग मी एक वाक्य जोडलं: 'पक्षाची पर्वा न करता साहेबांनी सूचनेच्या बाजूने मत दिले.' हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ज्यांना ज्यांना संशय आला, त्यांना वाटलं की साहेबांनी ते लिहून घेतलं असणार. तसं नाही. ते माझं वाक्य होतं. पुढं निवडणूक आली आणि प्रचाराला निघताना त्याच पत्रकाचा गठ्ठा पुन्हा छापून जीपमध्ये टाकला. लासूर स्टेशनच्या वाटेवर साहेबांनी ते पहिल्यांदा वाचलं. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे मी म्हणालो होतो?" मी म्हणालो, "भाषणाच्या अंगानं तसंच होतंय, साहेब." त्यांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "छापलंय ना? मग झालं."

लासूरच्या सभेत एक म्हातारे अडते उठले. "सायेब, आमचं पोतं हितून निघतं तवा भरल्यालं असतंय, मनमाडला उतरवून-चढवून पोचतं तवा निम्मं ऱ्हातंय. तुमी दिल्लीत काय करता?" सभा हसली. साहेबांनी हात वर केला. "बाबा, मी पक्षाला न जुमानता मत दिलंय!" आणि मागून कुणीतरी ओरडलं, "व्हय, आमी कागदात वाचलंय!" टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं होतं, हेही आता कबूल करतो. त्यानंतर प्रत्येक सभेत साहेब ते वाक्य बोलत गेले. पाच-सहा सभांनंतर ते इतकं सहज बोलत की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत असावं.

मतदानाला तीन आठवडे होते तेव्हा मुनीरभाईंनी मला बोलावलं. त्या दिवशी चहा मागवला नव्हता. टेबलावर खंड उघडा होता आणि पट्टी एका नावाखाली ठेवलेली होती. सूचनेच्या बाजूनं मत देणाऱ्यांची एक यादी, विरोधात देणाऱ्यांची दुसरी. साहेबांचं नाव दुसऱ्या यादीत होतं. मी म्हणालो, "यंत्राची चूक असंल. बटन चुकीचं दाबलं जातं कधी कधी." मुनीरभाईंनी पट्टी खाली सरकवली. "मलाही तसंच वाटलं. म्हणून खालची टीप बघितली. चूक झाली तर सभासद चिठ्ठी देतात, आणि ते इथं छापतात. बघा, या दोघांचं छापलंय. साहेबांचं नाही." मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "दत्ताभाऊ, तुमचं पत्रक मी वाचलंय. हे फळ्यावर गेलं तर तुमची अडचण होईल. पण नाही लिहिलं तर मग मी आजवर लिहिलेलं सगळंच... तुम्ही सांगा, काय करू?"

मी दोन दिवस मागितले. साहेबांना विचारतो म्हणालो. त्यांनी लगेच होकार दिला. "दोनच काय, चार घ्या. कागद कुठं जातोय?"

साहेब त्या दिवशी थकलेले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पान कुणी पाहिलंय?" मी म्हणालो, "मुनीरभाईंनी अन् मी." ते म्हणाले, "मग एकानंच पाहिलंय असं समज. निस्तर तू."

मी निस्तरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उस्मानपुऱ्यात पत्रक वाटलं गेलं. फळ्यावर अजून एक अक्षर उमटलेलं नव्हतं. पत्रकात मी लिहिलं की काही लोक दिल्लीच्या कागदांचा उलटा अर्थ लावून साहेबांची बदनामी करणार आहेत. आणि पुढं लिहिलं, 'ज्यांच्या घरात कालपरवापर्यंत हुकूम हैदराबादेहून येत होते, त्यांनी आम्हाला लोकशाही शिकवू नये.' नाव घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती. पोलिस अॅक्शनला इतकी वर्षं लोटली होती, तरी त्या एका वाक्यानं काय होतं हे आमच्याकडं प्रत्येकाला माहीत होतं. मलाही माहीत होतं, म्हणूनच ते लिहिलं. आणि लिहिताना डोळ्यांपुढं खळीचं भांडं होतं, ती दुपार होती, आणि वडिलांचं सांगणारे मुनीरभाई होते.

त्या पत्रकावरून वाचनालयाच्या समितीची बैठक लागली. मलाही बोलावणं होतं. मुनीरभाई खंड छातीशी धरून आले. बसले नाहीत. म्हणाले, "मी अजून काहीच लिहिलेलं नाही. पण जे लिहिणार होतो ते यात आहे, आणि दत्ताभाऊंनी ते पाहिलंय. त्यांना विचारा." समितीचे अध्यक्ष वकील होते, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "काय रे दत्ता, पाहिलंस का तू?" खंड तिथंच होता. कुणीही हात लांब करून उघडला असता. कुणी उघडला नाही. मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

मुनीरभाई माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. अर्ज तपासताना ओळीत काय चुकलंय ते शोधायचे, तसं. मग त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कुणी मागायच्या आधीच.

साहेब निवडून आले. मुनीरभाई घरी पुस्तकं बांधायला लागले, पुढं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम त्यांना मिळालं. रस्त्यात दिसले की ते नमस्कार करायचे आणि मी घाईत असायचो. अशी किती वर्षं गेली. मग खरोखरच रूळ रुंद झाले. पहिली गाडी येणार म्हणून स्टेशनवर ही गर्दी झाली, आणि त्या गर्दीत पांढरी दाढी झालेले मुनीरभाई समोर उभे राहिले. "काय दत्ताभाऊ, झाले की रुंद! मत कुणाचं का असंना, गाडी आली." मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. मी त्यांचा हात धरला. "मुनीरभाई, मला तुम्हाला काही..." त्यांनी हात तसाच राहू दिला, पण मान हलवली. "इथं नको. कानात सांगून काय उपयोग? मी खरं होतो, हे मला ठाऊक आहे. तुम्ही छापून सांगितलं होतं ना? मग छापूनच परत घ्या." तेवढ्यात बँड सुरू झाला.

मी घरी जाऊन मजकूर लिहिला. कुठंही पाठवला नाही. माझा मुलगा साहेबांनी काढलेल्या कॉलेजात नुकताच लागला होता, हे त्याचं कारण. मुलगा निवृत्त झाला, तेव्हा ते कारण संपलं. मग दुसरं शोधलं: साहेब गेलेत, मेलेल्या माणसाबद्दल कशाला. ते जुनं झालं तेव्हा म्हणालो, मुनीरभाईंना तरी आता कुठं आठवत असेल...

मुनीरभाई गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याच वाचनालयात शोकसभा झाली. जुने ओळखीचे म्हणून नसरीनताईंनी मला बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोललो. त्यांचं अक्षर, त्यांची पट्टी, त्यांनी खोडलेल्या माझ्या दोन विनंत्या. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मताचा शब्द मी काढला नाही.

म्हणून आज छापून सांगतो. त्या मतविभाजनात आमच्या साहेबांनी सूचनेच्या विरोधात मत दिलं होतं. बाजूनं दिलं, असं मी खोटं लिहिलं. मुनीरभाईंनी मला पान दाखवलं होतं, ते मी पाहिलं होतं, आणि समितीपुढं विचारलं तेव्हा मला ते लख्ख आठवत होतं. त्यांच्या घराण्याबद्दल लिहिलेलं वाक्य नीचपणाचं होतं आणि ते माझं होतं.

हे छापून झालं, तरी एक राहतंच. शोकसभा संपल्यावर नसरीनताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, एक विचारू? अब्बांना इथून काढलं होतं, एवढंच आम्हाला माहीत आहे. ते कधी बोलले नाहीत. अम्मी म्हणायची, काहीतरी चुकलं असणार त्यांचं, उगाच कोण काढतं? ती तसंच समजून गेली. तुम्हाला माहीत असेल ना... काय चुकलं होतं त्यांचं?" माझ्या तोंडात शब्द तयार होते. तुमच्या अब्बांचं काही चुकलं नव्हतं, चुकलो मी, मला माफ करा. त्या मला हाताला धरून पायऱ्या उतरवत होत्या. खाली रिक्षा उभी होती. त्या माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "ऊन फार आहे बेटा, तू आत जा."