भिंतीवरचा डबा

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं विसरलो. हे एक विसरलेलो नाही.

जळगावातल्या एका शाळेला बॉम्बच्या धमकीचा ई-मेल आला. शाळा रिकामी करून तपासली, काही सापडलं नाही. सायबर शाखेने माग काढला. ई-मेल डाळ मिलमधल्या एका हमालाच्या घरच्या इंटरनेट जोडणीवरून गेला होता. घरात लॅपटॉप वापरणारी एकटी त्याची मुलगी. तिची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती, फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती. गुन्ह्यात नाव आलं की नेमणूक गेलीच.

पंचनामा करून आम्ही लॅपटॉप आणि घरातले दोन्ही मोबाइल जप्त केले. मुलीला नोटीस देऊन बोलावलं, महिला अंमलदारासमोर चौकशी केली. खोटं बोलणारा माणूस दर वेळी हकिकत थोडी सुधारतो. ही शेवटपर्यंत एवढंच म्हणाली, "सर, मी पाठवलेला नाही."

ती माझ्यासमोर बसलेली असतानाच दुसऱ्या शाळेला धमकी आली. त्याच जोडणीवरून.

वरिष्ठ म्हणाले, "साथीदार असेल. अटक दाखवा, वरून फोन येताहेत."

"लेखी आदेश द्या, सर. माझं म्हणणं मी स्टेशन डायरीत नोंदवतो."

"बदली होईल."

"होऊ द्या."

बाहेर बाकावर मुलीचे वडील बसले होते. मला पाहून उठले. "साहेब, बठ्ठं लई ग्यात. भितवरना तो डबा काब्र सोडा?"

सगळं नेलं, मग भिंतीवरचा डबा का सोडला, असं ते विचारत होते. डबा म्हणजे राउटर. स्क्रीन असलेली प्रत्येक वस्तू आम्ही उचलली होती आणि लुकलुकणारा डबा भिंतीचाच भाग समजून सोडला होता.

"बंद करू नका, सर," त्यांच्या घरी पोहोचताच सायबर शाखेचा अंमलदार म्हणाला. "वीज गेली की त्याच्या स्मरणातलं पुसलं जाईल." चालू डब्याचाच पंचनामा झाला. आत बाहेरून घुसवलेला प्रोग्राम निघाला. कुणीतरी दूर बसून या घराच्या नावावर धमक्या पाठवत होतं.

डब्यात असं बाहेरून घुसता येतं, हे वरिष्ठांना पटेना. मग त्याच बनावटीचा दुसरा डबा त्यांच्या टेबलावर मांडला. इंटरनेट चालतंय का हे तपासायला त्याच्या सेटिंगमध्ये पत्ता लिहायची एक चौकट असते. अंमलदाराने पत्त्यापुढे एक चिन्ह आणि एक हुकूम लिहिला. डब्याने हुकूमही पाळला. म्हणजे पहारेकऱ्याने चिठ्ठीवरचं नाव वाचून माणूस आत सोडावा आणि खाली कुणी तसं लिहिलंय म्हणून शस्त्रागाराची किल्लीही द्यावी.

"आपला पहारेकरी बरा," अंमलदार म्हणाला. "निदान चहा तरी मागतो."

वरिष्ठ हसले नाहीत. पण अटकेचा विषय पुन्हा निघाला नाही.

खरा गुन्हेगार हाती लागला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझी बदली मात्र धुळ्याला झाली. निघण्यापूर्वी मुलीच्या पडताळणी अहवालावर सही केली: गुन्हा दाखल नाही.

मी लहान असताना धरणगावात कुठेही चोरी झाली की पोलीस आधी आमच्या वस्तीत येत. एकदा माझ्या वडिलांना नेलं. आमचे गुरुजी दिवसभर ठाण्याच्या पायरीवर बसले आणि त्यांना घेऊनच परतले. घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो, वर्दीही त्यांच्यामुळेच मिळाली. पत्त्यावरून माणूस उचलायचा नाही, हे मी कायद्याच्या पुस्तकाआधी त्या पायरीवर शिकलो. तशी वेळ पुन्हा आली असती तर मी स्टेशन डायरीत पुन्हा तेच लिहिलं असतं, फक्त बदलीची बॅग आधी भरून ठेवली असती.