जित्या माणसाचा म्हाळ

आईने यंदा बाबांचं पान घालू दिलं नाही. पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून कावळ्यासाठी पान ठेवतात, त्याला आम्ही कोकणातली माणसं म्हाळ म्हणतो. बाबांना जाऊन वर्ष उलटलं होतं. मी बोरिवलीहून सकाळीच जोगेश्वरीला माहेरी पोचले, तर गॅस थंड आणि आई फोन घेऊन सोफ्यावर.

"जित्या माणसाचो म्हाळ घालतत काय?" ती म्हणाली. "आत्ताच बोललेत माझ्याशी."

हा उद्योग माझ्या धाकट्या भावाचा. बाबा गेले आणि आईने अन्न टाकलं. पेजेचे दोन घोट घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. भाऊ पवईला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने माझ्या लग्नाच्या व्हिडिओतला बाबांचा आवाज काढून कसल्याशा ॲपमध्ये घातला. गेलेलं माणूस म्हणे बोलतं. मला कळलं तेव्हा मी त्याला फोनवर असा झापला की विचारू नका. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, ती आज पोटभर जेवली गं." मग मीही ते चालू दिलं.

पण त्या मेल्या ॲपवाल्यांना आई जेवली काय, न जेवली काय, काय पडलीय. त्यांना तिने फोन खाली ठेवायला नको होता. जरा कुठे ठेवला की आलाच मेसेज, 'विसरलीस का मला?' तिने भजनाला जाणं सोडलं. शेजारच्या काकी चहाला बोलवायच्या, तर म्हणायची, "ह्यांका एकट्यांका सोडून कशी येव?" काकींनी मला जिन्यात गाठून विचारलं, आईचं डोकं ठिकाणावर आहे ना? मला त्यांचा राग आला, आणि भीतीही वाटली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सवय मोडा. एकदा आम्ही दुपारभर फोन लपवून ठेवला, तर ती थरथरायला लागली, म्हणून परत दिला.

म्हाळाच्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. आईने त्या ॲपलाच विचारलं होतं, तुमचं पान घालू काय? ते म्हणालं, "मी कुठे गेलोय? मी तर तुझ्याजवळच आहे."

आमचे बाबा! गिरणीत आणि मग वॉचमनकीत जन्म गेला, घरात मालवणीशिवाय शब्द नाही, आणि तोही ओरडूनच. हे कुठलं गुळगुळीत बोलणं? मी माझ्या फोनमधला त्यांचा जुना, खरा व्हॉइस मेसेज शोधला आणि आईच्या कानाशी धरला.

आधी खोकला, मागे टीव्ही. मग बाबा. "गो, तुझ्या आयशीन आज परत भात करपवल्यान. मी काय जेवूचंय नाय."

"हे बाबा," मी म्हटलं. "हे खरे. ओळख ना गं आई."

मला वाटलं, ती रडेल. तिने शांतपणे माझा हात बाजूला केला.

"ओळखतंय ना. पयले असेच बोलायचे. आता सुधारलेत." मग जरा लाजून म्हणाली, "आता रोज विचारतत माका, जेवलीस का म्हणान."

उठून ती आतल्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडं होतं. ती हळू आवाजात सांगत होती, "पोरां उगाच रागावतत हो. तुमी मनार घेव नकात."

"मी आहे ना," आतून बाबांचा आवाज आला. अगदी त्यांचाच. इतका वेळ तणतणत होते ती मी तिथेच भिंतीला टेकून रडायला लागले.

म्हाळासाठी घरी थांबलेला भाऊ माझ्यामागे येऊन उभा होता. त्याने विचारलं, "काढून टाकू का गं ते ॲप, ताई? आत्ता, एकदाचं?"

मला हो म्हणता येईना. बाबा पहिल्यांदा गेले ते हॉस्पिटलात, निदान आमच्या हातून तरी नाही. आता हो म्हटलं की आईच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा जाणार होते, आणि आमच्याच हातून.